पदविका आणि पदवी

मराठीतील ‘इका’ हा प्रत्यय दिसण्यात साधा, पण स्वभावाने मोठा खट्याळ आहे. तो पुस्तकास लागला की पुस्तिका होते, नाटकास लागला की नाटिका होते, कणास लागला की कणिका होते; सारांश, तो जेथे लागेल तेथे मूळची वस्तू थोडी लहान होते. तंत्रनिकेतनातून मिळणाऱ्या डिप्लोम्यास मराठी प्रतिशब्द हवा होता, तेव्हा कोणा भाषाकोविदाने ‘पदविका’ हा शब्द योजला. कोणास हिणवावे असा त्याचा हेतू खचित नसेल. परंतु समाजाच्या मनातील गुपित भाषा फार काळ पोटात ठेवीत नाही. पदविका म्हणजे धाकटी पदवी, पदवीच्या ओसरीवर बसवलेली पदवी, असा जो समज आपल्या मध्यमवर्गीय घरांतून रूढ आहे तोच ह्या प्रत्ययात उतरला आहे. लग्नाच्या बोलण्यात ‘डिप्लोमा’ हा शब्द आला की वधूपक्षाकडील वडील मंडळी क्षणभर गप्प होतात, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना आम्ही काय म्हणतो ते अधिक फोड करून सांगावयास नको.

आम्ही राहतो लोणावळ्यास आणि शिकवतो पुण्यास, तेही इंग्रजी. घरातील पाण्याचा पंप बंद पडला म्हणजे यंत्रशास्त्राशी आमचा संबंध येतो, तेवढाच. तेव्हा अशा मनुष्याने तंत्रशिक्षणावर लेखणी चालवावी हे कोणास अव्यापारेषु व्यापार वाटल्यास नवल नाही. तथापि गेली कित्येक वर्षे आमचा दिवस लोकलगाडीत उजाडतो आणि मळवली, कामशेत, वडगाव असे करीत जी माणसे त्या गाडीत चढतात, त्यांत ह्या पदविकाधारकांचा भरणा मोठा असतो. दहावीनंतर तीन वर्षे तंत्रनिकेतनात काढून ही मुले एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी कारखान्याच्या फाटकातून आत जातात. कोणी तळेगावास उतरतो, कोणी चिंचवडास, कोणी पिंपरीस. कित्येकांना तळेगावाहून पुढे चाकणची वाट धरावयाची असते. पाठीवर पिशवी, पिशवीत डबा, गळ्यात ओळखपत्र, आणि रातपाळी करून परतणारा असल्यास खिडकीला टेकलेले डोके. मावळातील कितीतरी घरांचे हप्ते, आईबापांची औषधे आणि मुलांच्या शाळा ह्या पिशव्यांवर चालतात.

आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा ह्यांपैकीच एक. त्याला आम्ही अर्ध्या चड्डीत पाहिले आहे. आज तो चौतिशीचा आहे, दोन मुलांचा बाप आहे, आणि एका कारखान्यात तेरा वर्षे यंत्रांची देखभाल करीत आहे. एका रविवारी तो काही इंग्रजी अर्ज नीट करून घेण्यासाठी आमच्याकडे आला.

“काका, ह्या वर्षीही डिग्रीचा एक नवा मुलगा आला आहे. त्याला मशीन मीच शिकवतो आहे.”

“मग त्यात वाईट काय झाले?” आम्ही विचारले.

“वाईट काहीच नाही. मुलगा चांगला आहे. दोन वर्षांनी माझी रजा तो मंजूर करील, एवढेच.”

हे तो हसत म्हणाला. त्या हसण्याचे भाषांतर करण्याचे काम आमच्या विषयातील असूनही आम्हाला ते साधले नाही. अर्ज पदवीच्या प्रवेशासंबंधी होता. आम्ही अर्थातच असे धरून चाललो की गृहस्थास बढती हवी आहे आणि बढतीसाठी कागद हवा आहे. त्यात गैर काही नाही. परंतु तो पुढे जे बोलला ते ऐकून आम्ही लेखणी खाली ठेवली. यंत्राचे बेअरिंग बिघडू लागले की स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्याच्या घरावर टेकावे, मूठ कानाच्या हाडाशी लावावी आणि ऐकावे, ही जुन्या मेकॅनिकांची विद्या त्याच्या वस्तादाने त्याला दिली होती. आवाजावरून कोणते बेअरिंग जाणार हे तो सांगतो आणि त्याचे सांगणे बहुधा खरे ठरते. अलीकडे कारखान्यात कंपने मोजणारे उपकरण आले. ते पडद्यावर शिखरे-दऱ्यांचा आलेख काढते आणि नवा मुलगा तो वाचतो. “काका, त्याला जे दिसते तेच मला ऐकू येते. पण ते असे का, हे त्याला सांगता येते, मला येत नाही. मला तो ‘का’ पाहिजे.”

कारखान्याला हवा आहे कागद, आणि ह्या माणसाला हवा आहे ‘का’. नोकरी करणाऱ्या पदविकाधारकासाठी पदवी असावी की नसावी, असल्यास कशी असावी, ह्या साऱ्या वादाचे मूळ आमच्या मते येथे आहे. आजवर जी व्यवस्था झाली ती बहुतांशी कागदाची झाली.

पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात पदविकाधारकास प्रवेश मिळतो, ही सोय चांगली आणि जुनी आहे; परंतु तेथे पूर्ण तीन वर्षे दिवसभर वर्गात बसावे लागते. विसाव्या वर्षी ते जमते. चौतिसाव्या वर्षी ते करावयाचे तर नोकरी सोडावी लागेल. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स ही १९२० साली स्थापन झालेली आणि १९३५ साली राजसनद मिळालेली संस्था ‘ए. एम. आय. ई.’ नावाची परीक्षा घेत असे. दिवसा काम करावे, रात्री कंदिलाशी किंवा दिव्याशी अभ्यास करावा, आणि ‘अ’ व ‘ब’ हे दोन विभाग पार केले म्हणजे पदवीसमान मान्यता मिळावी, अशी ती वाट होती. फार खडतर वाट. पण दारिद्र्यातून वर आलेले अनेक इंजिनियर ह्याच वाटेने आले. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणारांस ती समकक्षता उरली नाही. मध्यंतरी पत्रद्वारा इंजिनियरिंगची पदवी देण्याचे पीक आले होते. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ ह्या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना नव्याने परीक्षेस बसण्याची संधी दिली, आणि त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्दच केल्या. प्रयोगशाळा न पाहता इंजिनियर होता येत नाही, हे न्यायालयाचे म्हणणे कोण नाकारील? परंतु त्या निकालाने ज्यांच्या भिंतीवरील चौकट उतरली त्यांत बहुसंख्य नोकरी करून शिकणारे होते, आणि त्यांनी पत्रद्वारा पदवी घेतली ती दुसरे दार बंद होते म्हणून, हेही विसरू नये.

ही उतरंड सृष्टीच्या आरंभापासून चालत आलेली आहे असे मात्र कोणी समजू नये. पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज १८५४ साली निघाले तेव्हा त्याचे नाव ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ असे होते आणि सार्वजनिक बांधकामाकरिता हाताखालचे लोक तयार करावेत एवढाच त्याचा उद्देश होता. आमच्या दारावरून जाणारा बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला, म्हणजे तो खुला होण्यापूर्वीचा हा काळ. ज्यांच्या जन्मदिवशी आपण दरसाल १५ सप्टेंबरला अभियंता दिन पाळतो ते विश्वेश्वरय्या १८८३ साली ह्याच संस्थेतून उत्तीर्ण झाले, आणि त्यांच्या नावापुढे लागलेली अक्षरे ‘एल. सी. ई.’ अशी होती. ह्यातील ‘एल’ म्हणजे लायसेन्शिएट, परवानाधारक. आजच्या एखाद्या कार्यालयातील कारकुनाने ती अक्षरे पाहून ‘ही डिग्री आहे का?’ असे विचारले असते, अशी आम्हाला रास्त शंका आहे.

मावळास तर ह्या प्रश्नाचे अधिक जवळचे उत्तर एकदा सापडले होते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून जो पैसा फंड उभारला, त्यातून १९०८ साली तळेगावास काचकारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. त्याची धुरा प्रथम ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आली. ते जपान व अमेरिका येथे काचेचे शास्त्र शिकून आलेले होते. ह्या कारखान्याचे वैशिष्ट्य असे की तो कारखानाही होता आणि शाळाही होती. भट्टीपुढे उभे राहून, फुंकनळी तोंडाला लावून शिकलेले त्याचे विद्यार्थी पुढे हिंदुस्थानातील ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत पसरले. तळेगावासच विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय होते. पुस्तकी विद्येस हातच्या उद्योगाची जोड देण्याचा प्रयत्न करणारे ते विद्यालय सरकारने १९१० साली बंद केले. आज आमची लोकल त्या तळेगावावरून रोज जाते, आणि गाडीतील पदविकाधारकांस हा इतिहास कोणी सांगितलेला नसतो.

सातासमुद्रापलीकडे हा प्रश्न निराळ्या वळणाने सुटू पाहत आहे. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांतून दोन वर्षांची तांत्रिक पदवी घेतलेल्या प्रौढांसाठी, त्या दोन वर्षांवरच पुढील दोन वर्षे रचून ‘उपयोजित’ पदवी देण्याचा प्रघात पडला आहे. फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथील अशाच एका कॉलेजास २००१ साली चार वर्षांच्या पदवीचा अधिकार मिळाला. आमच्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ पासून ‘बी. व्होक.’ ही पदवी रुजवण्याचा यत्न केला. पण कारखान्याचे फाटक अजून ‘बी. ई.’ ह्या दोन अक्षरांनाच ओळखते, आणि फाटकास कोण शिकवणार? मग २०२३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नोकरदारांसाठी पदवीचे स्वतंत्र वर्ग काढण्यास महाविद्यालयांना मुभा दिली. विद्यार्थ्यास निदान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव हवा, त्याचे कामाचे ठिकाण महाविद्यालयापासून ठराविक अंतरात हवे (आरंभी ही मर्यादा ५० किलोमीटरची होती), आणि वर्गाच्या वेळा त्याच्या कामाच्या वेळांस सांभाळून असाव्यात. शेजारच्या मुलाचा अर्ज ह्याच वर्गासाठी होता.

येथे मात्र आमचा एक आक्षेप आहे. पदविकाधारकास पदवीच्या पहिल्या वर्षाची सूट मिळते. हे पहिले वर्ष कशाचे असते? मुख्यतः गणिताचे, पदार्थविज्ञानाचे आणि रसायनाचे. कलनाचा पाया तेथे घातला जातो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काय असते? यंत्रांची रेखाटने, उत्पादनाच्या रीती, कार्यशाळा. म्हणजे ज्यात ह्या माणसाने तेरा वर्षे घालवली ते. अर्थात जे त्याला येते ते सक्तीचे, आणि ज्यासाठी तो तळमळतो त्याची माफी! पोहता येणाऱ्यास विहिरीच्या पायऱ्या मोजावयास लावाव्यात आणि तहान लागलेली असताना पाण्याची सूट द्यावी, असा हा प्रकार आहे. दुसऱ्या वर्षी गणिताचा पुढचा पेपर येऊन आदळतो तेव्हा ह्यांतील कित्येक धडपडतात, आणि मग आमचेच प्राध्यापकबंधू मान हलवून म्हणतात, “डिप्लोम्याची मुले गणितात कच्ची असतात.” कच्ची असावयाचीच, पिकण्याचे वर्षच त्यांच्याकडून काढून घेतले.

खरी उपयोजित पदवी बेअरिंगच्या आवाजापासून सुरू व्हावी. एक गुंतागुंतीचे कंपन म्हणजे अनेक साध्या कंपनांची बेरीज असते, हे फूरिए ह्या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले. पडद्यावरील ती शिखरे म्हणजे ह्या बेरजेतील एकेक आकडा. ज्याच्या कानात ती बेरीज तेरा वर्षे घुमत आहे त्याला हे गणित शिकवणे एकोणीस वर्षांच्या पोरास शिकवण्यापेक्षा सोपे जावे, असे आम्हास वाटते. आय. एन. एस. शिवाजी हे नौदलाचे सागरी अभियांत्रिकीचे शिक्षणकेंद्र १९४५ पासून आमच्या गावाशेजारीच आहे. तेथे अधिकारी व नौसैनिक दोघांनाही जहाजाच्या एंजिनाशेजारीच ज्ञान घ्यावे लागते, कारण भर समुद्रात एंजिन बंद पडले असता पदवी आणि पदविका ह्यांतील भेद कोणी विचारीत नाही.

असे वर्ग निघाले म्हणजे पदवीचा दर्जा घसरेल, ही ओरड आम्ही प्राध्यापकांच्या खोलीत पुष्कळ ऐकली आहे. तीत काही अंशी तथ्य आहे. संध्याकाळी दमून आलेल्या माणसावर दया करून गुण वाटणारे परीक्षक निघणारच नाहीत असे नाही. परंतु त्या ओरडीत आणखी एक भीती दडलेली असते, तिचा उच्चार कोणी करीत नाही. विसाव्या वर्षाचा विद्यार्थी फळ्यावर लिहिलेले उतरवून घेतो. चौतिसाव्या वर्षाचा विद्यार्थी हात वर करून म्हणतो, “सर, प्रत्यक्षात तसे होत नाही.” हे वाक्य ऐकण्याची आम्हा मंडळींस सवय नाही.

अर्ज आम्ही दुरुस्त करून दिला आणि प्रवेश मिळाला. घरात मात्र सारे गोड झाले असे नाही. संध्याकाळचे वर्ग संपवून लोणावळ्याची गाडी धरावयाची म्हणजे मुले झोपल्यावर घरी येणे. पावसाळ्यात घाटाकडे दरड पडली तर बोलावयासच नको. सूनबाईने तीन वर्षांचा हिशेब बोटांवर केला आणि “धाकटी तेव्हा दुसरीत असेल” एवढेच म्हणाली. ती रागावली होती की राजी झाली होती, हे आमच्या घरातील मंडळींनाही उमगले नाही.

राहिले ते पहिल्या वर्षाचे गणित. ते शिकवणे आमच्या कुवतीबाहेरचे. पण गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक तुंगार्लीस राहतात, त्यांच्याकडे आम्ही त्याला घेऊन गेलो. दर रविवारी सकाळी शिकवण्याचे त्यांनी कबूल केले. शुल्क विचारले तेव्हा त्यांनी आपल्या विहिरीवरील मोटारीकडे बोट दाखवले. ती गेले दोन महिने गुरगुरत होती. त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, मोटारीला लावून कान दिला आणि मागचे बेअरिंग जाणार असे सांगितले. प्राध्यापकांनी मूठ स्वतःच्या कानाला लावून पाहिली, बराच वेळ ऐकले, आणि कागद-पेन्सिल आणावयास आत गेले.