पोर्चमधलं दार

करमाडात ‘गॅरेज’ म्हटलं की जालना रोडवरचं गाडी दुरुस्तीचं दुकान डोळ्यासमोर येतं. घराशी गाडी उभी करायच्या जागेला आम्ही पोर्च म्हणतो, फार तर पार्किंग. म्हणून इंजिनिअरने नकाशावर पेन्सिल टेकवून, “मॅडम, गॅरेजमधून घरात दार द्यायचं का?” असं विचारलं तेव्हा मला आधी प्रश्नच कळला नाही.

त्यांना उत्तर आठवडाभरात हवं होतं. जोत्याचं काम सुरू होणार होतं आणि पोर्चची फरशी किती खाली ठेवायची हे त्या दारावर अवलंबून होतं. मला वाटलं, पाच मिनिटांची गोष्ट आहे. प्रत्यक्षात महिना गेला. कर्जाच्या हप्त्यावरून आमच्या घरात जेवढं बोलणं झालं नाही, तेवढं या एका दारावरून झालं.

शेंद्र्याची एमआयडीसी आणि त्यापाठोपाठ ऑरिक आल्यापासून आमच्याकडे शेतांचे प्लॉट झाले. गावठाणातल्या जुन्या घरातून निघून आम्हीही असाच एक प्लॉट घेतला, 30 बाय 50 चा. गाडी म्हणजे जुनी घेतलेली वॅगनआर, शिवाय माझी स्कूटी. नकाशात पोर्च घराच्या डाव्या अंगाला, 10 फूट रुंद आणि 18 फूट लांब. त्याच्या आतल्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ. दार द्यायचं तर याच भिंतीत.

दार मलाच हवं होतं. कारण सांगते.

जुन्या घराला एकच दार आहे आणि ते थेट बैठकीत उघडतं. मी शाळेतून येते तेव्हा एका खांद्यावर तपासायच्या वह्या असतात, हातात भाजीची पिशवी. आत मुलांच्या अब्बांचे कंपनीतले मित्र बसलेले असतात. मी आत पाऊल टाकलं की बोलणं थांबतं, सगळे पाय आखडून घेतात, कुणी उगाच उभा राहतो. मी एका हाताने ओढणी सावरत तेवढी खोली पार करते. माणसं सगळी चांगली, अदबीने सलाम करणारी. तरीही कितीदा तरी मी बाहेरच ओट्यावर फोन बघितल्यासारखं करत थांबले आहे. एका पावसाळ्यात शेजारच्या पत्र्याखाली वीस मिनिटं उभी होते, कारण आतल्या पाहुण्यांचा चहा संपत नव्हता. वर्गात साठ मुलांसमोर उभी राहणारी बाई स्वतःच्या दारात ताटकळते, याचं मला नवलही वाटत नव्हतं. सवय झाली होती.

म्हणून मी इंजिनिअरला सांगितलं, द्या दार. गाडीतून उतरलं की सरळ स्वयंपाकघर.

मुलांच्या अब्बांना ते पटलं नाही. त्यांनी सूरह बकराचा दाखला दिला. इहराम बांधल्यावर दाराने घरात न जाता मागच्या बाजूने शिरणं म्हणजे पुण्य, असं अरबस्तानात काही लोक समजत. त्यावर कुरआनात सांगितलं गेलं की नेकी त्यात नाही, घरात दारानेच जा. “मग आपण पुढचं दार सोडून बाजूने कशाला?” मी म्हटलं, ती आयत खोट्या पुण्याबद्दल आहे, आपल्या नकाशाबद्दल नाही. आणि बाजूचं दार हेही दारच. ते हसले. मग मनातलं खरं कारण सांगितलं. एका दाराने सगळे येतात तेव्हा सलाम होतो, कोण आलं, कोणाचा चेहरा उतरलाय ते कळतं. दोन दारं झाली की पोरं गाडीतून उतरून गुपचूप खोलीत जातील आणि जेवायच्या वेळीच दिसतील. घरात शिरताना आपल्याच माणसांना सलाम करायची शिकवण सूरह नूरमध्ये आहे. ती पाळायला समोर माणूस तर दिसायला हवा! या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसरी बाजू सासूबाईंची. दोन वर्षांपूर्वी रात्री न्हाणीघरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. स्ट्रेचर दारापर्यंत आलं, पण अडीच फुटांच्या चौकटीतून वळेना. शेवटी चार जणांनी त्यांना खुर्चीवर बसवून तीन पायऱ्या उतरवलं. दुखण्यापेक्षा त्या उचलण्याची लाज त्यांच्या मनात जास्त राहिली. आता वॉकर घेऊन चालतात. दवाखान्याची तारीख आली की आदल्या दिवशीच म्हणतात, “मेरेकू उठाके नक्को ले जाव.” गाडी थेट दाराशी, दार रुंद आणि मधे पायरी नाही, असं घर त्यांना मिळायला हवं याबद्दल आमच्यात मतभेद नव्हते.

माझा भाऊ शहरातून नकाशा बघायला आला. त्याने चहा पिता पिता एवढंच म्हटलं, “दोन दारं असू दे, बाजी. वेळ काही सांगून येत नाही.” कोणती वेळ, हे आम्ही कुणी विचारलं नाही. औरंगाबादेत वाढलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. आमच्या नव्या गल्लीत सगळ्या जातीधर्माची घरं आहेत आणि पायाभरणीला सगळेच आले होते. तरी घर बांधताना हा विचार मनात येतो आणि तो येतो याचं वाईट वाटतं. मी त्याला म्हटलं, आग लागली तरी दोन वाटा हव्यातच. त्यानेही तेच कारण मान्य केलं.

आता इंजिनिअरचं म्हणणं. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी मला माहीत नव्हत्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शटर लावलेल्या बंद जागेत इंजिन चालू राहिलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आतलं दार उघडं असेल तर तो घरात शिरतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. म्हणून गाडीची फरशी घराच्या फरशीपेक्षा खालीच हवी. अमेरिकेत घराला जोडलेली गॅरेजं सर्रास असतात. तिथल्या घरबांधणीच्या नियमावलीत गॅरेजचं दार थेट झोपण्याच्या खोलीत उघडायला मनाई आहे, आणि ते दार लाकडाचं असेल तर भरीव, किमान 35 मिलिमीटर जाड आणि आपोआप बंद होणारं असावं लागतं. घरात शिरणारा धूर आणि आग थोडा वेळ तरी अडावी, एवढाच हेतू.

पेच इथेच होता. पेट्रोल म्हणतं पायरी हवी, वॉकर म्हणतो पायरी नको. उपाय एकच, उतार. सुगम्यतेच्या सरकारी निकषांत तो एकास बारा धरतात. म्हणजे पोर्च सहा इंच खाली असेल तर उतार सहा फूट लांब. आमची गाडी साडेपाच फुटांच्या आत रुंद आहे. ती कंपाउंडच्या भिंतीला चिकटवून लावली की घराच्या बाजूला चारेक फूट उरतात, त्यात तीन फुटांचा उतार बसतो. दारापुढे वॉकर टेकून उभं राहायला सपाट जागाही निघते. फक्त सासूबाईंनी गाडीत चालकाच्या मागे बसायचं, म्हणजे उतरताना भिंत आड येणार नाही. एवढं ठरवून इंजिनिअरने सहज विचारलं, “तुमच्यात वास्तू वगैरे नसतं ना?” मी म्हटलं, “संडासाचं तोंड किब्ल्याकडे नको, बाकी वास्तू नसतं. पण सासूबाई असतात.”

सगळं ठरत आलं होतं. त्या रात्री जेवताना बारावीतली लेक म्हणाली, “म्हणजे अम्मी, पाहुणे पुढच्या दाराने येणार आणि तू बाजूच्या? निम्मा हप्ता तर तुझ्या पगारातून जाणार ना?”

मला राग आला. मी म्हटलं, सोय बघ की जरा. ती म्हणाली, “सोयच असेल तर अब्बाही त्याच दाराने येतील.” मी त्यांच्याकडे पाहिलं. ते सहज बोलून गेले, “मी कशाला? मी आपला पुढूनच येईन.”

यावर कुणी काही बोललं नाही. मला मात्र कळलं की मी सोय मागत नव्हते. ओट्यावर ताटकळणं मी मान्यच केलं होतं, आणि ते जरा आरामात, पावसात न भिजता व्हावं म्हणून भिंत फोडून घेत होते. माझी ओढणी माझ्या मर्जीने माझ्या डोक्यावर आहे, तिची मला कधी अडचण झाली नाही. अडचण नकाशाची होती. जुन्या घराचं दार थेट बैठकीत उघडत होतं आणि नव्या नकाशातही आम्ही तेच काढून ठेवलं होतं.

तेव्हा मला नानीच्या घरची ढेलज आठवली. मराठवाड्यातल्या जुन्या घरांमध्ये मोठ्या दरवाज्यातून आत आलं की आधी ढेलज लागायची. पाहुणा तिथेच एका बाजूला टेकायचा, घरचं माणूस दुसऱ्या बाजूने आत जायचं, आणि बैल त्याच दरवाज्यातून येऊन गोठ्याकडे वळायचे. गोठ्यातून घरात यायलाही एक लहान दार होतं. पहाटे धार काढायला नाना त्याच दाराने जायचे, आजारी वासराला बघायला नानीही त्याच दाराने. म्हणजे वाहन घराला जोडलेलं असणं आणि तिथून आत दार असणं ही शहराची नवी फॅशन नाहीच. त्या दाराला कुणी बायकांचं दार म्हणत नव्हतं, ज्याला काम असेल तो जायचा. उर्दूच्या तासाला मी मुलांना दहलीज शिकवते, मराठीच्या तासाला उंबरठा. ढेलज हा शब्द त्या दहलीजच्याच घरातला, हे शिकवता शिकवता ती ढेलज आम्ही नकाशातून पुसून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरकडे गेले आणि बैठकीतली 5 बाय 6 फुटांची जागा काढून पुढच्या दाराशी ढेलज मागितली. आता पुढचं दार उघडलं की समोर कोरी भिंत. उजवीकडे बैठक, डावीकडे घरात जायची वाट. दाराशी आलेल्याला आतलं दिसत नाही आणि घरातल्याला कुणासमोरून जावं लागत नाही. दुसऱ्याच्या दारी गेल्यावर थेट समोर नाही, बाजूला उभं राहून परवानगी मागावी, असा अदब हदीसमध्ये आलेला आहे. तो अदब थोडाफार विटांतच बांधला गेला. बैठक लहान झाल्यामुळे मुलांच्या अब्बांनी पसंत केलेला मोठा सोफा आता बसणार नाही. दोन दिवस ते नाराज होते, मग म्हणाले, गादी-तक्के टाकू.

पोर्चमधलं दारही ठेवलं. साडेतीन फूट रुंद, भरीव लाकडाचं, आपोआप बंद होणारं. ते बोळात उघडतं, कुणाच्या झोपायच्या खोलीत नाही. पोर्चला शटर नाही, पुढे जाळीचं गेट आहे आणि दोन बाजू मोकळ्या, त्यामुळे धूर कोंडणार नाही आणि गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याशी दुआ-सलामही चालू राहील. पुढेमागे इलेक्ट्रिक स्कूटी घेतली तर तिचा चार्जिंगचा पॉइंट गेटजवळ ठेवलाय, आतल्या दारापासून लांब. नियम दोन केले. त्या दाराने येणाऱ्याने आत पाऊल टाकताच मोठ्याने सलाम करायचा. आणि किराणा, भाजी, गॅसची टाकी घरात आणायची ती मुलांच्या अब्बांनी, त्याच दाराने. त्यांनी दोन्ही मान्य केलं. टाकीचं ऐकून लेकीने टाळ्या वाजवल्या.

शेवटी सासूबाईंना नकाशा समजावून सांगितला. उतार कुठे, धरायला दांडा कुठे, त्यांची खोली दारापासून किती पावलांवर. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “रोज उधरसे लाव. पन पैले दिन सामनेसे, और आखरी दिन बी सामनेसे.” मुलांचे अब्बा उठून बाहेर गेले. पुढच्या दाराची चौकट आम्ही साडेतीनाची चार फूट केली, आणि पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या करून घेतल्या, डोला नेणाऱ्यांचे पाय अडखळू नयेत अशा.

तुमच्यापैकी कुणी घर बांधत असेल तर एक करा. नकाशा पुढ्यात घ्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावाने रस्त्यापासून पलंगापर्यंत बोट फिरवा. पाऊस असताना, पाहुणे बसलेले असताना, माणूस आजारी असताना. बोट कुठे थांबतं ते बघा, आणि ते कुणाच्या नावावर थांबतं तेही. हे काम वाळू यायच्या आधी करा. आमचं लिंटेलपर्यंत आलं आहे. इन्शाअल्लाह रमजानच्या आधी राहायला जाऊ, समोरच्या दाराने, सासूबाई सगळ्यांत पुढे.