काहालची चित्रं

न्यूरोबायोलॉजी शिकायला लागल्यापासून मी सगळ्यात जास्त रमते ती सान्तियागो रामोन इ काहाल या शास्त्रज्ञाने काढलेल्या चेतापेशींच्या चित्रांत. ती त्याने ज्या पद्धतीने पाहून काढली, त्या कामिल्लो गॉल्जी या शास्त्रज्ञाच्या चांदीच्या रंजनपद्धतीत मोजक्याच पेशी काळ्या होतात, बाकीच्या दिसतच नाहीत. म्हणून तर एकेक पेशी फांद्यांसकट सुटी पाहता येते. त्याच पद्धतीने पाहून गॉल्जीला मेंदू अखंड जाळं वाटला, काहालला मात्र स्वतंत्र पेशी दिसल्या. १९०६चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि गॉल्जी नोबेलच्या भाषणातही जाळ्याच्याच बाजूने बोलला. मला त्याचा राग येत नाही, वाईट वाटतं. कारण दोन पेशींमधली फट तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकाला दिसणं शक्यच नव्हतं. काहालने ती फांद्यांच्या टोकांवरून ताडली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती १९५०च्या दशकात दाखवली. पाठ्यपुस्तकं हे सगळं दोन ओळींत उरकतात. हा विषय घेणाऱ्यांनो, ती चित्रं एकदा सावकाश बघाच.