सेकंड ऑपरेशनचं कार्ड

रात्री पावणेदोनला मी धाकट्या भावाला हलवून उठवलं. "अरे बघ, गवत बघ!" तो डोळे चोळत आला, स्क्रीनकडे बघितलं आणि स्टूल ओढून बसलाच. रेड डेड रिडेम्पशन २ मधला घोडा माळावरून सुसाट निघाला होता. गवताचं पातं न् पातं सुटं दिसत होतं आणि कॅमेरा गर्रकन फिरवला तरी चित्र कुठं म्हणून अडखळत नव्हतं. वरच्या कोपऱ्यात दोन आकडे होते, ७२ आणि त्याला लागून १४४. ही किमया करत होतं २०१९ साली घेतलेलं रॅडिऑन आरएक्स ५७०! नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दोन वर्षं पडून असलेलं ग्राफिक्स कार्ड!

मुळापासून सांगतो, कारण ही गोष्ट सुरू झाली तेव्हा मी भलतंच काहीतरी विकत घ्यायला निघालो होतो.

माझं मशीन मधल्या दर्जाचं. रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०. मॉनिटर १०८०पी, पण १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारा. ३०६० त्याला या गेममध्ये देत होतं पंचाहत्तरच्या आसपास. मग मनानं घेतलं की अजून एक ३०६० टाकायचं. सेकंडहँड सोळा हजारांना मिळत होतं. एक कार्ड पंचाहत्तर देतं, तर दोन दीडशे देतील. पगार झाल्या झाल्या शरणपूर रोडवरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या दादांनी ऐकून घेतलं, शोकेसमधलं ३०६० काढलं आणि त्याच्या वरच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "भाऊ, हे बघा. जुन्या मोठ्या कार्डांना इथं पितळी दात असायचे, दोन कार्डं जोडायला. ह्याला आहेत का? सोळा हजार माझ्या गल्ल्यात येतील, पण तुमची एक फ्रेम वाढायची नाही."

विकणाऱ्यानंच नको म्हणावं! घरी आलो आणि दातांचा हा इतिहास वाचायला बसलो तो पहाटेपर्यंत.

१९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीनं व्हूडू२ नावाचं कार्ड काढलं. अशी दोन कार्डं एका केबलनं जोडली की चित्रातल्या आडव्या ओळी ती वाटून घ्यायची, सम ओळी एकीकडे आणि विषम दुसरीकडे. किती सुंदर कल्पना! याचं नाव एसएलआय. पुढं एनव्हिडियानं थ्रीडीएफएक्सची मालमत्ता घेतली आणि २००४ मध्ये तीच अक्षरं नव्या अर्थानं परत आणली. पाठोपाठ २००५ मध्ये एटीआयचं क्रॉसफायर आलं. आता ओळींऐवजी बहुतेक वेळा अख्ख्या फ्रेमच वाटल्या जात. पहिली फ्रेम या कार्डाची, दुसरी त्या कार्डाची, तिसरी पुन्हा याची. दोन्हीकडे गेमचा सगळा पसारा वेगवेगळा भरावा लागे, त्यामुळे बारा आणि बारा जीबी मिळून चोवीस होतच नसत. आणि दोन कार्डांचा ठेका चुकला की आकडा मोठा दिसूनही चित्र बारीक बारीक हिसके देई. शेवटी १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियानं जुन्या कार्डांसाठी एसएलआयची नवी प्रोफाइल्स देणंच थांबवलं. माझं ३०६० त्यानंतर दोन महिन्यांच्या आत बाजारात आलं, बिनदातांचंच.

पण मला राहवेना. आपल्या पुण्यात सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तो मुळी अनेक प्रोसेसर एकत्र जुंपूनच. त्यांचाच परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला, तोही एनव्हिडियाच्या ए१०० कार्डांची फौज लावून. तिथं इतकी कार्डं एकदिलानं राबतात, मग माझ्या कॅबिनेटमध्ये दोन का नाहीत?

उत्तर मला सापडलं ते अंबडमध्ये, कामावर. मी टूलरूममध्ये सीएनसी चालवतो. एखादा जॉब असा असतो की मागच्या पीसचं माप घेतल्याशिवाय पुढच्याला ऑफसेट देता येत नाही. असा जॉब दोन मशीनवर एकाआड एक लावून बघा. दुसरं मशीन पहिल्याच्या मापाची वाट बघत उभं राहणार. आजच्या गेमचं तंतोतंत असंच आहे. कडा गुळगुळीत करायला, सावल्या स्थिर ठेवायला नवी फ्रेम मागच्या फ्रेममधला माल वापरते. मागची फ्रेम दुसऱ्या कार्डात असेल तर ती आधी इकडे आणायची, तोवर हे कार्ड हातावर हात ठेवून बसणार. महासंगणकाचं काम सुटे तुकडे पाडून वाटता येतं, मोठाले हिशोब त्याच बेतानं लिहिलेले असतात. गेमची फ्रेम आधीच्या फ्रेमचं बोट धरूनच चालते.

पण शॉपवर आम्ही अशा जॉबला दुसरं मशीन लावतच नाही का? लावतो की! फर्स्ट ऑपरेशन नव्या मशीनवर, सेकंड ऑपरेशन जुन्यावर. पीस पुढे सरकला की नवं मशीन पुढच्या पीसला मोकळं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता हे डोक्यात लखकन चमकलं आणि भाजी तशीच राहिली. गेममध्ये असं सेकंड ऑपरेशन कुठलं?

ते आहे! स्टीमवर लॉसलेस स्केलिंग नावाचं छोटं सॉफ्टवेअर मिळतं. दोन फ्रेमच्या मधली एक फ्रेम ते स्वतः रचतं. २०२५ च्या जानेवारीत त्याच्या या करामतीची तिसरी आवृत्ती आली. आणि खरी मेख अशी की हे रचण्याचं काम कुठल्या कार्डानं करायचं ते आपण ठरवू शकतो. पितळी दात नकोत, दोन सारखी कार्डं नकोत. एक एनव्हिडियाचं, एक एएमडीचं, हिरवं न् लाल एका कॅबिनेटमध्ये!

हिशोब मांडला. माझ्या बोर्डावरचा दुसरा स्लॉट दिसायला लांब, पण आत पीसीआयई ३.० च्या चारच लेन, म्हणजे सेकंदाला साधारण ४ जीबी. १०८०पीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकी चार बाइट, झाले सुमारे ८.३ एमबी. अशा ७२ फ्रेम म्हणजे सेकंदाला जेमतेम ६०० एमबी. रस्ता मोकळाच की! विजेचं म्हणाल तर ३०६० चे १७०, ५७० चे १५०, प्रोसेसरचे ६५, मिळून ३८५ वॅट. माझा एसएमपीएस ६५० चा.

शनिवारी रात्री माळ्यावर चढलो. कार्डाच्या पंख्यातली धूळ ब्रशनं झाडली, खोडरबरानं सोनेरी पट्टी घासली. दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला तेव्हा 'टक्' असा जो आवाज झाला ना, तो अजून कानात आहे. आठ पिनांची वायर लावली. दोन्ही कंपन्यांचे ड्रायव्हर शेजारीशेजारी गुण्यागोविंदानं बसले. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमला ३०६० नेमून दिलं, लॉसलेस स्केलिंगमध्ये ५७० निवडलं, गेम बॉर्डरलेस केला. एक गोष्ट मात्र विसरायची नाही, मॉनिटरची केबल दुसऱ्या कार्डाला लावायची. पहिल्याला ठेवली तर रचलेल्या फ्रेम त्याच अरुंद रस्त्यानं माघारी येतात आणि कमावलेलं सगळं तिथंच सांडतं.

आधी मुद्दाम एकट्या ३०६० कडून दोन्ही कामं करून घेतली. पंचाहत्तरवरून गेमच्या मूळ फ्रेम बासष्टवर घसरल्या, कार्ड ९९ टक्क्यांवर धापा टाकत होतं. मग सेकंड ऑपरेशन ५७० कडे दिलं. मूळ फ्रेम ७२ वर बांधून टाकल्या. ३०६० निवांत, ५७० पासष्ट टक्क्यांवर, आणि पडद्यावर १४४! दोन चित्रांमधलं अंतर जवळपास १४ मिलिसेकंदांवरून सातवर आलं. घोडा उधळला आणि मी भावाला हाक मारायला पळालो.

यात उणं आहे तेही सांगतो, कारण हे वाचून कुणी पैसे घालणार असेल तर त्याला कळायला हवं. मधली फ्रेम रचायला पुढची फ्रेम हातात यावी लागते, म्हणून माऊस हलवणं आणि चित्र हलणं यांत किंचित उशीर होतो. काउंटर-स्ट्राइकसारख्या, क्षणावर जीव असलेल्या खेळात भाऊ हे बंद ठेवतो, आणि त्याचं बरोबर आहे. फार जोरात वळलं की घोडेस्वाराच्या टोपीभोवती हवा थरथरल्यासारखी दिसते. मूळ फ्रेमच तीस असतील तर सगळं पाण्यात बघितल्यासारखं होतं, साठच्या वर असल्या तरच मजा. आणि उष्णता! नाशिकच्या एप्रिलमध्ये वरच्या कार्डाला खालच्याचा वाफारा लागून ते ६८ वरून ७६ अंशांवर गेलं. पुढून एक जास्तीचा पंखा बसवला, तेव्हा ७१ वर आलं. त्या पंख्याचे सहाशे रुपये आणि सॉफ्टवेअरची किंमत, एवढाच खर्च. सोळा हजार बँकेत आहेत.

दुसऱ्या दिवशी मिसळ खाताना मामेभावाला हे सगळं एका दमात सांगितलं. तर्रीत पाव बुडवलेला हात तसाच धरून तो ऐकत राहिला. त्याच्याकडेही एक जुनं ५७० पडून आहे, पण बोर्ड बी४५०. तिथं दुसऱ्या स्लॉटला पीसीआयई २.० च्या चार लेन, म्हणजे सेकंदाला २ जीबी. ६०० एमबीच्या हिशोबात तेही बसतंय, पण कागदावर बसणं वेगळं. येत्या रविवारी तो पंचवटीतून कॅबिनेट गाडीवर बांधून आणतोय. मी स्क्रूड्रायव्हर आणि खोडरबर आत्ताच टेबलावर काढून ठेवलंय.