कल्पनेतली गाडी आणि माझी लाल रेघ



'माझा आवडता प्राणी', 'पावसाळ्यातील एक दिवस' हे निबंध आपण सगळेच घेतो. यंदा चौथीला मी एक वेगळा विषय दिला : 'गाड्यांच्या गेमसाठी जुन्या काळातली एक स्पोर्ट्स कार सुचवा. गाडी खरी नको, तुमच्या मनातली हवी.' विषय माझ्या डोक्यातून आला असं म्हणणं खोटं ठरेल. तो एका मुलाच्या वहीच्या मागच्या पानावरून आला.

त्याला आपण समर्थ म्हणू, नाव बदललंय. आवडत्या प्राण्यावर दोन ओळी लिहायचा, 'गाय दूध देते' इथे गाडी थांबायची आणि मग मागच्या पानावर खरोखरच्या गाड्या सुरू. आईची तक्रार ठरलेली, "बाई, दिवसभर मोबाईलवर गाड्या आपटायचे व्हिडिओ बघतो." मी म्हटलं, बघू तरी काय बघतोय. गेमचं नाव बीमएनजी ड्राइव्ह, जर्मनीतल्या ब्रेमेनच्या कंपनीचा. गाडी भिंतीवर गेली की जिथे धडक बसली तिथलाच पत्रा चेपतो, चाक वाकतं, गाडी एका बाजूला ओढते. आणि गंमत म्हणजे त्यातल्या गाड्या खऱ्या कंपन्यांच्या नाहीतच. गॅव्हरिल, इबिशू अशी बनवलेली नावं. पण प्रत्येक गाडीला तिचा काळ आहे, देश आहे, वजन आहे, इंजिन आहे. तेवढं नसेल तर गेमला ती गाडी चालवताच येणार नाही.

मोबाईलची बाजू मी घेत नाहीये, गैरसमज नको. पण हे मला वर्गात हवं होतं.

पहिल्या दिवशी जे यायचं तेच आलं. पाचशेचा स्पीड, पंख, मागून आग. 'माझी गाडी खूप छान आहे. ती खूप सुंदर आहे.' मग मी फळ्यावर प्रश्न लिहिले. गाडी कोणत्या वर्षी बनली? कुठे? तेव्हा तिथे कोणतं इंजिन मिळत होतं? आणि शेवटचा, गाडीत खोड काय आहे?

या शेवटच्या प्रश्नाने कमाल केली. गुण विचारले की मुलं विशेषणं लिहितात, खोड विचारली की वाक्यं लिहितात. 'पावसात सुरू होत नाही.' 'उतारावर ब्रेक दोनदा दाबावा लागतो.' ज्या मुली "बाई, आम्हाला गाडीतलं काही कळत नाही" म्हणत होत्या, त्यांच्या वह्यांतही ओळी वाढल्या. एकीने लिहिलं, 'दार जोरात लावलं की काच खाली पडते.' ही गाडी तिच्या मामाची असणार!

समर्थने चक्क पान भरून आणलं. मी खूश. वाचता वाचता एक ओळ आली, 'गिअर स्टिअरिंगला आहे.' मी लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'गिअर खाली असतो. नीट निरीक्षण कर.' शिवाय वर्गात मोठ्याने सांगितलंही. पोरं हसली.

दुसऱ्या दिवशी वही आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचे आजोबा आले, टोपी हातात.

"बाई, पोराचं काय चुकलं न्हाई. गेर हितंच असायचा." त्यांनी हवेत स्टिअरिंग धरलं आणि डाव्या हाताने दांडी ओढून, वर नेऊन, पुन्हा खाली आणून चारही गिअर मला दाखवले. "तेवीस वरसं टॅक्सी चालवली मी ममईत. पद्मिनी."

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. इथल्या दर तिसऱ्या घराचं माणूस मुंबईला असतं, आणि मला हे विचारायला सुचलं नाही. चालवायचं म्हणून मी आजवर स्कूटी आणि घरची एक छोटी गाडी चालवली. गिअर खाली असतो हे 'निरीक्षण' माझं होतं. त्याचं निरीक्षण माझ्यापेक्षा जुनं होतं, एवढंच.

दुपारी वर्गात माझी चूक सांगितली आणि आजोबांना खुर्ची दिली. पुढची पाऊण तास मला काही शिकवावं लागलं नाही. कुर्ल्याचा कारखाना, पुढे सलग बाकडं असल्याने ड्रायव्हरशेजारी दोघं कशी बसायची, उलट्या उघडणाऱ्या पुढच्या दारांची जुनी 'डुक्कर फियाट', गणपतीला गावी येताना कुंभार्ली घाटात तापणारं इंजिन. मुलांनी विचारलं, "मग काय करायचा?" "काय करनार, बॉनेट उघडून बिडी वढायची. झाकन लगीच उघडलं की त्वांड भाजतं."

रात्री मीही थोडं वाचलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमिअर कंपनी १९४४ साली काढली. तिथल्या फियाट ११०० ला पुढे, १९७४ मध्ये, पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं. आणि इटलीत तुरीन शहरात युद्धानंतर चिसितालिया नावाच्या छोट्या कंपनीने फियाट ११०० चंच इंजिन घेऊन '२०२' ही स्पोर्ट्स कार केली होती. तीही १०८९ सीसी. ती इतकी देखणी की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ साली आठ गाड्यांचं प्रदर्शन भरवलं त्यात ती होती, आणि आजही एक तिथल्या संग्रहात आहे. म्हणजे टॅक्सीच्या इंजिनावर स्पोर्ट्स कार ही समर्थची कल्पना हवेतली नव्हती.

त्याचा दुसरा खर्डा देते. शुद्धलेखन मी सुधारलंय, वाक्यं त्याचीच.

'माझ्या गाडीचं नाव कोयना. ती १९६५ साली मुंबईत बनली. इंजिन फियाटचं आहे कारण तेव्हा तेच मिळत होतं. दोनच सीट आहेत. छप्पर कापडाचं आहे, पावसात डाव्या बाजूने गळतं. गिअर स्टिअरिंगला आहे. फियाट नऊशे किलोची होती, आम्ही मागची सीट आणि छप्पर काढून सातशे किलो केली. तिला पन्नास घोडे आहेत. ती सरळ रस्त्याला परदेशी गाडीच्या मागे राहते पण घाटात पुढे जाते. मात्र घाटात तापते, तेव्हा गेममध्ये थांबायचं बटण पाहिजे. झाकण लगेच उघडलं तर खेळणारा हरेल.'

यातून गणिताचा तास आपोआप निघाला. सातशे भागिले पन्नास, एका घोड्याच्या वाट्याला चौदा किलो. साध्या फियाटला घोडे साधारण चाळीस, मग तिथे वाटा साडेबावीस. "बाई, म्हणून पळते ती!" हे माझ्याआधी मागच्या बाकावरून आलं. भागाकाराचा उपयोग काय, हे मी गेली अकरा वर्षं सांगतेय, इतकं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

बाकी फार काही बदललेलं नाही. समर्थ मोबाईल बघतोच, र्‍हस्वदीर्घ चुकतोच. ते लाल गोल केलेलं पान मात्र त्याने फाडू दिलं नाही. मी म्हटलं, नवीन पानावर लिही, तर म्हणाला, "राहू द्या, आजोबांना दाखवतो." आता मुलांचं म्हणणं आहे की पत्र गेमवाल्यांना पाठवायचं. इंग्रजी करून द्यायला कुणी तयार असेल तर कॉमेंटमध्ये जरूर सांगा.

पाठवायच्या आधी आजोबांना एकदा वाचून दाखवलं. सगळं पसंत पडलं, फक्त एका ओळीवर त्यांनी मान हलवली.

"दोनच शिटा? मग पॅशिंजर कुठं बसवायचं?"