जॅक्सनवर नाटक लिहिणाऱ्या भाचीस

पंचवटी, नाशिक

चि. भाचेबाईंस,

एकांकिकेचा कच्चा खर्डा मिळाला. संवाद झकास जमलेत. पण तुझा जॅक्सन रंगमंचावर येतो तो गोळ्या खायलाच. 21 डिसेंबर 1909, विजयानंद नाट्यगृह, बदली झालेल्या कलेक्टरसाठी निरोपाचा 'शारदा'चा खेळ, समोर अनंत कान्हेरे, आणि पडदा. एवढं नाशिकातलं शेंबडं पोरही सांगेल. चिठ्ठीत विचारतेस, माणूस चांगला होता की वाईट? लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत, म्हणून तुझी पंचाईत झालेली दिसते.

पांडित्य खरं होतं, त्यात खोट काढू नकोस. आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन हा आयसीएस अधिकारी संस्कृत जाणणारा होता. जेम्स कॅम्पबेलने मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर काढलं, त्यातला गुजरातच्या इतिहासाचा खंड पंडित भगवानलाल इंद्रजींच्या सामग्रीवर उभा आहे. (आपल्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखांवर काम करणारे तेच.) ते 1888 साली वारले, खंड 1896 साली निघाला, आणि तो पुरा करायला मदत करणाऱ्यांत जॅक्सनचं नाव आहे. भिनमाळवरचं परिशिष्ट त्याचंच.

दुसरं काम मला जास्त बोलकं वाटतं. लोकसमजुतींची त्याने जमवलेली माहिती त्याच्या मागे एन्थोवेन या सहकाऱ्याने छापली. गुजरातचा भाग 1914 साली, कोकणचा 1915 साली. कोकणचा भाग एकदा चाळच. पाऊस पाडण्याचे तोडगे, ग्रहण, दृष्ट, वेताळ, हडळ, गावदेवीचा कौल, सगळं तिथे हजर. आणि तळटिपांत जागोजाग 'शाळामास्तर', पुढे गावाचं नाव. मास्तराचं नाव बहुधा नाहीच. सरकारी पगारावरचा बिचारा मास्तर, वरून विचारणा आल्यावर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून भुताखेतांची उत्तरं लिहून धाडतोय! मुखपृष्ठावर मात्र साहेब. मला त्या मास्तरांवर एक प्रवेश हवा आहे.

आता दुसरी बाजू. त्याच नाशकात बाबाराव सावरकरांनी देशभक्तीच्या कवितांची पुस्तिका छापली. जिल्हा दंडाधिकारी म्हणून जॅक्सनने खटला सत्र न्यायालयाकडे पाठवला आणि जून 1909 मध्ये बाबारावांना जन्मठेप, काळं पाणी झालं. कवितांसाठी! लोकांची जुनी गाणी, जुन्या समजुती टिपून घ्यायला साहेबाला गोडी. तेच लोक नवं गाणं म्हणू लागले की राजद्रोह. हे ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. दोन्ही कामं तो मनापासून करत असणार, म्हणूनच तुझ्या नाटकाला तो उपयोगी. ज्या हुकमतीने खेड्यातला मास्तर लिहिता होई, तिनेच घरातला कर्ता पुरुष अंदमानात जाई. कलेक्टरकचेरी एकच होती. खुर्चीत विद्वान बसला म्हणून खुर्चीचा धर्म बदलत नाही.

कान्हेऱ्यांना मात्र पोवाड्यातला वीर करू नकोस. औरंगाबादेत शिकणारा, जेमतेम अठराचा मुलगा. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात तो, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. लंडनहून आलेल्या पिस्तुलांचा माग निघाला, बाबारावांचे धाकटे भाऊ तात्याराव यांच्यावर खटला झाला, आणि मुलांच्या एका गुप्त मंडळामागे सारं सरकार लागलं. हे सगळं एकांकिकेत कोंबलंस तर प्रेक्षक चहाला उठतील.

'शारदा'चा धागा मात्र सोडू नकोस. म्हाताऱ्याला पोरगी विकण्याविरुद्धचं देवलांचं ते नाटक मराठी माणसाचं स्वतःच्याच समाजाशी भांडण आहे. ते बघायला आलेला साहेब त्या भांडणाचा जाणकार होता, आणि त्या रात्री नाट्यगृहात दुसरंच भांडण त्याची वाट बघत होतं.

गोल्फ क्लबच्या मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव आहे, तिथे रणजीचे सामने होतात. जॅक्सन उरला तो ग्रंथालयातल्या कपाटांत. तेव्हा पुढचा खर्डा त्याच्या टेबलापासून सुरू कर, एका बाजूला मास्तरांची उत्तरं आणि दुसऱ्या बाजूला बाबारावांची पुस्तिका ठेव, आणि गोळीचा प्रवेश सर्वांत शेवटी लिही. झाला की लगेच पाठव.

तुझा,
मामा