आज कोण कोण भेटले?

शिरूरहून निघावे, न्हावरे, पारगाव, केडगाव असे करीत चौफुल्याला सोलापूर रस्ता गाठावा आणि पाटसवरून दौंडला पोहोचावे, हा आमचा नित्याचा प्रवास. या वाटेच्या एका अंगास रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दुसऱ्या अंगास कुरकुंभची. तिकडे धुलाईयंत्रे आणि मोटारी, इकडे औषधे आणि रसायने. मध्ये भीमेच्या पाण्यावरचा ऊस. आमच्या बहुतेक कुटुंबांची चूल या तिहींपैकी एकावर पेटते, नाहीतर दौंड जंक्शनच्या रेल्वेवर. म्हणूनच एखाद्या कारखान्याच्या फाटकावर यादी लागली की तिचे पडसाद रविवारच्या मिस्साला आमच्या कानी येतात. बाकांवरच्या काही जागा रिकाम्या दिसू लागतात.

अशीच एक जागा रिकामी झाली त्याची ही हकिगत आहे, आणि तीत दोष आमचाच आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ एका कारखान्यात अकरा वर्षे कामाला होते. वय बेचाळीस, मुलगी दहावीत. ‘माणसे कमी करायची आहेत’ एवढेच सांगून त्यांना घरी पाठवण्यात आले. त्यानंतर ते मिस्साला उशिरा येत, मागच्या दाराशी उभे राहत आणि शेवटच्या आशीर्वादापूर्वीच निघून जात. एका रविवारी आम्ही त्यांना पायरीवर गाठले आणि चार माणसांदेखत मोठ्या आपुलकीने विचारले, “काय मग, लागलं का कुठे?” त्यांनी मान हलवली. “देवावर भरवसा ठेवा,” असे म्हणून आम्ही दुसऱ्या कुटुंबाकडे वळलो. पुढचे सहा रविवार ते आले नाहीत.

सातव्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “फादर, नोकरी गेली ती एकदाच. पण जो तो विचारतो ना, तेव्हा ती रोज जाते.”

पुण्यात नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरीत आमचे शिक्षण झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांचे मानवी श्रमाविषयीचे १९८१ सालचे परिपत्रक आम्ही तेथे अभ्यासले. तरुणपणी दगडखाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात राबलेल्या त्या माणसाने बेकारी हे सर्वथा अनिष्टच होय, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. श्रमाचे मोल कामाच्या प्रकारावरून नव्हे, तर ते करणाऱ्या माणसावरून ठरते, हेही त्यात आहे. या विषयात आम्हांला गुणही चांगले मिळाले होते. तोच नगर रस्ता पुढे रांजणगावला जातो. परंतु चर्चच्या पायरीवर उभे असताना त्यातले एक अक्षरही आमच्या कामी आले नाही.

कामी आली ती आईची आठवण. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमचे वडील साचाखात्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. नोकरी मात्र संपली. वडील रोज सकाळी दाढी करून कामाच्या शोधात बाहेर पडत आणि दिवेलागणीला परतत. आईने त्यांना ‘काही झालं का?’ असे कधीच विचारले नाही. पाण्याचा तांब्या हाती देत ती म्हणे, “आज कोण कोण भेटलं?” मग वडील सांगू लागत: अमक्या कारखान्याचा पहारेकरी आपल्या गावाकडचा निघाला, तमक्या मुकादमाने सोमवारी यायला सांगितले. हात रिकामे असत, पण सांगण्यासारखे काहीतरी असे. उद्या पुन्हा सांगायला काही हवे, म्हणून ते उद्या पुन्हा बाहेर पडत.

नोकरी मिळणे माणसाच्या हाती नसते. शोधायला निघणे हाती असते. आपण मात्र जे हाती नाही त्याचाच जाब विचारतो. उमेद ही एकट्याच्या छातीत साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. ती भोवतालची माणसे रोज थोडी थोडी पुरवीत असतात, किंवा काढून घेत असतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आम्ही कितीदा तरी समजावून सांगितला असेल. धन्याच्या औदार्यावर आम्ही बोललो, कुरकुर करणाऱ्यांवर बोललो. दिवस मावळायला आला तरी बाजारात उभ्या असलेल्या मजुरांकडे मात्र आमचे लक्ष गेले नव्हते. सकाळपासून कोणी त्यांना कामावर घेतले नव्हते, तरीही ते घरी गेले नाहीत. ते एकटे नव्हते, म्हणूनच कदाचित त्यांना उभे राहवले असेल.

तेव्हापासून मंगळवारी सकाळी दहा वाजता आम्ही चर्चचे सभागृह उघडतो. पहिल्या दिवशी चौघे आले. ते गृहस्थ होते, कुरकुंभहून कमी केलेले दोघे होते, आणि दौंडचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी केवळ सोबतीला आले होते. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. वाफ गेली, तेव्हा वयाने लहान मुलांशेजारी बसून त्यांना डिझेल इंजिन शिकावे लागले. “लाज पहिल्या आठवड्यातच वाटते,” ते म्हणाले. रेल्वेने त्यांना दुसरे काम दिले. या तिघांना ते स्वतःच शोधायचे होते, एवढाच फरक.

तेथे आम्ही प्रवचन करीत नाही. अर्ज लिहितो, अनुभवाचा दाखला आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद जुळवतो. वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करताना सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विमाधारक कामगारांसाठी ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये आली. तीत पात्र व्यक्तीला नव्वद दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून कार्यालयात चौकशी करून घ्यावी. शेवटी प्रत्येकाने आठवड्यात कोण कोण भेटले ते सांगायचे. ज्याला कोणीच भेटले नाही, त्याच्याबरोबर पुढच्या खेपेस दुसरा कोणीतरी जातो.

त्या गृहस्थांना नऊ महिन्यांनी एका शीतगृहात काम लागले. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे आणि रात्रपाळी आहे. ते अजूनही दुसरे शोधत आहेत. कुरकुंभच्या दोघांपैकी एकाने दुचाकी दुरुस्तीचे दुकान टाकले. दुसऱ्याला अद्याप काही मिळालेले नाही. तो मंगळवारी सर्वांत आधी येतो आणि खुर्च्या मांडतो.

परवा त्या गृहस्थांची मुलगी आम्हांला भेटली. बाबा कसे आहेत, असे विचारण्यास आम्ही तोंड उघडणार, इतक्यात तीच म्हणाली, “फादर, आज बाबांना कोण कोण भेटलं, सांगू का?”

आम्ही पायरीवर बसलो आणि ऐकू लागलो.