पिवळा दिवा

मोटारीच्या डॅशबोर्डवर अनेक दिवे असतात. लाल दिवा लागला की माणूस गाडी थांबवतो. हिरवा लागला तर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पिवळ्या दिव्याचे मात्र तसे नाही. तो धड संकटही सांगत नाही आणि धड स्वस्थही बसू देत नाही. "गाडी चालते आहे ना? मग चालू द्या," असे मन म्हणते, आणि तरीही नजर दर मिनिटाला तिकडेच जाते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने काही न बोलता नुसते खाकरावे, तसा हा दिवा असतो.

माझ्या ट्रकचा हा दिवा गेल्या ऑक्टोबरातल्या पहिल्या थंडीत लागला.

ट्रक म्हणजे मालवाहू धूड नव्हे. पुढे तिघांना बसायची जागा आणि मागे उघडा हौदा, असा इकडे अमेरिकेत घरोघरी दिसणारा पिकअप. तो १९९८ सालचा आहे. मी राहतो त्या मिशिगन राज्यात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्या मिठाने भल्या भल्या गाड्यांचा पत्रा कुजून जातो. माझ्या ट्रकच्या दारांच्या खालच्या कडा आता पुरणयंत्राच्या चाळणीसारख्या झाल्या आहेत. सौभाग्यवती म्हणतात, "भंगारात द्या." मी म्हणतो, "इंजिन शाबूत आहे." कंपनीचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. इतकी वर्षे इमानाने राबलेल्या गड्याचे दुखणे सांगताना त्याचे घराणे कशाला काढायचे?

हा दिवा मूळ कशासाठी आला, हे सांगण्यासारखे आहे. लॉस एंजेलिस शहरावर डोळ्यांना झोंबणारे धुरके का साठते, याचा उलगडा हागन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास केला. मोटारींच्या धुरातली द्रव्ये उन्हात शिजून ते धुरके तयार होते, असे त्याने दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्निया राज्याने नियम केला की, गाडीने आपल्या इंजिनावर आपणच पाळत ठेवावी आणि बिघाड झाला की मालकाला कळवावे. १९८८ च्या गाड्यांपासून ही रीत तिथे सुरू झाली. पण तेव्हा प्रत्येक कंपनीची बोली निराळी. १९९६ च्या मॉडेलपासून मात्र साऱ्या अमेरिकेत एकच लिपी सक्तीची झाली. स्टिअरिंगच्या खाली सोळा टाचण्यांचे एक सॉकेट असते. त्यात तळहाताएवढे यंत्र खुपसले की पडद्यावर एक अक्षर आणि चार आकडे उमटतात.

माझ्या यंत्रावर दोन ओळी उमटल्या: पी-०१७१ आणि पी-०१७४. पी म्हणजे इंजिन आणि गिअर यांचा प्रांत. पुढचे शून्य म्हणजे हा संकेत सर्व कंपन्यांना सामाईक. एक म्हणजे हवा आणि इंधन यांचे खाते. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात. या दोन्ही संकेतांचा अर्थ एकच: इंजिनाच्या डाव्या-उजव्या अशा दोन्ही ओळींना मिश्रण 'लीन' मिळते आहे. मराठीतल्या लीनतेशी याचा काही संबंध नाही. इथे लीन म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी.

आता आमच्यासारख्या अर्धशिक्षित वैद्यांची चूक कुठे होते ती पाहा. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण जमले की नाही, हे पाहायला धूर वाहून नेणाऱ्या नळीत बोटाएवढा एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन जास्त उरला की तो वर्दी देतो. गावातल्या एका गॅरेजवाल्याने माझे दोन्ही संकेत पाहिले आणि म्हणाला, "सेन्सर म्हातारे झाले. बदलून टाका." मलाही ते पटले. दोनशे डॉलर खर्चून मी दोन्ही सेन्सर बदलले, यंत्रावरचे पुसण्याचे बटण दाबले, दिवा विझला. मी सौभाग्यवतींकडे विजयी मुद्रेने पाहिले.

चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. ज्याने वर्दी दिली होती, त्यालाच मी बडतर्फ केले होते!

त्या रात्री मला तीन रेडिओ आठवले.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, एस.टी.च्या सातारा डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्यापाशी संकेत वाचायचे यंत्र नव्हते. त्यांचा कान होता. हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचे टोक ते चालू इंजिनावर टेकवीत आणि लाकडी मूठ कानाच्या हाडावर धरीत. मग डोळे मिटून घेत. कधी नोझलच्या नळ्यांची नटे एकेक करून सैल करीत. ज्या सिलिंडरचे नट सैल केले तरी इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी! मी लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा ते मलाही मूठ कानाला लावायला सांगत. मला नुसती घरघर ऐकू येई. ते म्हणत, "अरे, सगळं एकदम ऐकू नकोस. एकेक आवाज वेगळा काढ."

१९७६ साली मी शिकायला इकडे आलो आणि इथलाच झालो. आबांची पत्रे येत. १९८७ च्या सुमारास एका पत्रात त्यांनी लिहिले, 'रेडिओ नीट लागत नाही. खरखर फार. बातम्या कळत नाहीत.' मी साताऱ्याला निघालेल्या एका स्नेह्याबरोबर चांगला रेडिओ पाठवला. वर्षाने पुन्हा तेच. मी दुसरा पाठवला, आणखी महागाचा. पुढे १९९३ साली गेलो तेव्हा तिसरा स्वतः घेऊन गेलो.

मध्यंतरी घरी फोन आला होता. दर रविवारी मी फोन करी. आबा दोन वाक्ये बोलत, "लाइन खराब आहे रे, आईशी बोल," म्हणत आणि रिसीव्हर आईकडे देत. त्या काळी परदेशच्या लाइनी खरोखरच खराब असत, म्हणून प्रथम मला काही वाटले नाही. पण आईशी बोलताना तीच लाइन स्वच्छ असे. तेव्हा मी दुसरे निदान केले. मी कायमचा परत येणार नाही, असे १९९० साली त्यांना लिहून कळवले होते. आबा रागावले आहेत, बोलायचे टाळताहेत, असे मी ठरवले. मग मलाही थोडा राग आला. मीही फोनवर त्यांची चौकशी आईकडेच करू लागलो.

१९९७ साली आबा गेले. दिवस झाल्यावर मी कपाट आवरत होतो. तिन्ही रेडिओ ओळीने मांडलेले. मी एकेक लावून पाहिला. तिन्ही घंटेसारखे खणखणीत वाजत होते.

"अक्का, यांना काय झालं होतं?" मी विचारले.

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. "रेडिओला कुठं काय झालं होतं? आबांना ऐकू येत नव्हतं. तुला ठाऊक नव्हतं?"

"पण मी आलो तेव्हा ते माझ्याशी चांगले बोलत होते!"

"समोर बसलं की ते तोंडाकडं बघून ओळखायचे. फोनला तोंड नसतं ना रे." थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्याला कळवू नका म्हणाले होते. जन्मभर कानावर भाकरी खाल्ली, आता कान गेला हे पोराला कशाला सांगता, म्हणाले."

हे सारे मला ठाऊक होते, आणि तरी मी सेन्सर बदलून मोकळा झालो होतो. संकेत खोटे बोलत नाही. पण तक्रार कुठे ऐकू आली, एवढेच तो सांगतो. ती कुठून निघाली, हे आपण शोधायचे असते.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र पुन्हा लावले आणि या खेपेस सावकाश वाचले. दिवा लावताना इंजिनाचा संगणक त्या क्षणाची नोंद टिपून ठेवतो. वेग किती, फेरे किती, पाणी किती तापले होते, सारे काही. याला 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात. माझ्या नोंदीत ट्रक उभा होता, इंजिन थंड होते आणि नुसते मंद चालले होते. मग मी 'फ्यूएल ट्रिम' पाहिले. मिश्रणात हवा जास्त होऊ लागली की संगणक लगेच दिवा लावत नाही. तो निमूटपणे थोडे थोडे पेट्रोल वाढवून भरपाई करीत राहतो, आणि भरपाईची हद्द संपली तेव्हाच तोंड उघडतो. उभ्या ट्रकमध्ये ही भरपाई शेकडा २२ होती. इंजिनाचे फेरे मिनिटाला अडीच हजारांवर नेले तशी ती ६ वर उतरली.

इथे सगळे उलगडते. पेट्रोलचा पंप थकला असता, तर जोर लावताना तूट वाढली असती. इथे जोर लावताना कमी होते आहे, म्हणजे कुठून तरी चोरटी हवा आत शिरते आहे. इंजिन मंद चालते तेव्हा आतली ओढ मोठी आणि हिशेबाची हवा थोडी असते, त्यामुळे एवढीशी फटही भारी पडते. वेगात तीच चोरी मोठ्या हवेत विरून जाते.

आबांचीही फ्रीझ फ्रेम माझ्या हातात होती. समोरासमोर बोलणे ठीक, आणि तक्रार फक्त दोन ठिकाणी: रेडिओ आणि फोन. ज्यांना तोंड नसते अशा दोन वस्तू. शिवाय कान म्हातारा होतो तेव्हा बहुधा बारीक, उंच आवाज आधी जातात आणि जाड आवाज राहतात. एस.टी.चे इंजिन त्यांना शेवटपर्यंत ऐकू येत होते आणि बातम्यांतले शब्द मात्र येत नव्हते, याचे कारण हेच असावे. इतकी वर्षे तेही निमूटपणे भरपाई करीत होते. मी त्याला राग म्हटले.

फट शोधायला एक जुनी युक्ती आहे. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाला लावायचे आणि दुसरे इंजिनाच्या पाइपांवरून फिरवायचे. फिरत्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवायचा. जिथे हवा आत शिरते तिथे बारीक 'स्स' असा आवाज येतो. मी बॉनेट उघडले, थंड इंजिन सुरू केले आणि नळी उजव्या कानाला लावली. पुढून मागे सगळीकडे फिरवली. काहीच नाही. नुसती घरघर. अगदी लहानपणी डेपोत ऐकू यायची तशी. पुन्हा फिरवली. नाही.

उजवा हात अवघडला म्हणून मी दुसऱ्या बाजूला गेलो आणि नळी डाव्या कानाला लावली. इंजिनाच्या मागच्या अंगाला एक रबरी कोपर-नळी आहे, तिच्यापाशी पोहोचलो मात्र, आणि साप फुत्कारावा तसा आवाज आला. बोट घातले. खालच्या अंगाला, जिथे डोळा पोहोचत नाही तिथे, रबर मऊ होऊन चिरले होते. बोटाने चीर दाबली तशी इंजिनाची धडधड शांत झाली.

मला हर्ष व्हायला हवा होता. मी नळी पुन्हा उजव्या कानाला लावली आणि त्याच जागी धरली. काही नाही. डाव्या कानाला लावली. 'स्स.'

कितीतरी वेळ मी तसाच उभा होतो.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. दर रविवारी तिचा फोन येतो. गेले वर्षभर मी तिला सांगत होतो की, तुमच्या या मोबाइलांत दम नाही, आवाज चिरका येतो, आईशी बोल. फोन मी नेहमी उजव्या कानालाच धरतो. माझ्या वाढदिवसाला तिने एक नवा, महागडा फोन पाठवला. तो खोक्यासकट टेबलावर पडून होता.

हात धुऊन मी घरात आलो आणि तिला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून ती घाबरली. "बाबा, काय झालं?"

"काही नाही. तू पाठवलेला फोन चांगला आहे. आधीचाही चांगलाच होता." शब्द जुळवायला मला वेळ लागला. "माझा उजवा कान गेला आहे. बहुतेक बरेच दिवस."

ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुला माझ्याशी बोलायचं नसतं."

कोपर-नळी थोडक्या डॉलरांत मिळाली. ती बसवली, पण या खेपेस मी पुसण्याचे बटण दाबले नाही. तीन फेऱ्यांत तो दोष पुन्हा दिसला नाही की संगणक आपणहून दिवा विझवतो. पहिली फेरी लाकडे आणायला झाली, दुसरी वाण्याकडे. तिसरी कानाच्या डॉक्टरांकडे. तिथून परत निघताना मी किल्ली फिरवली. किल्ली फिरवली की सगळेच दिवे एकदा लागतात. इंजिन सुरू झाल्यावर विझायचे ते विझतात. लाल विझला. मागोमाग पिवळाही विझला.

संगणकाच्या स्मरणात तो संकेत त्यानंतरही काही काळ राहतो. तशी योजनाच आहे. तो मी पुसला नाही.